घुग्घुसची रात्रपाळी

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी आमच्या शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंना ठेवतो. आईला हे माहीत आहे. तिला त्याचं वाईट वाटत नाही, कारण ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी ती समोरच होती.

नववीत असताना मी शाळा सोडली होती. धानाची कापणी संपली की आमच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, माणसं मिरची तोडायला तेलंगणात जात. त्या वर्षी मीही आईसोबत गाडीत चढलो. बाईंना कसं कळलं कोण जाणे. वसतिगृहाचा भात उतरवून त्या सहा किलोमीटर चालत आल्या, गाडीची मागची फळी धरून उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "याले उतरव. याच्या वाट्याचा भात शिजवून आली मी. तो आता कोन खाईन?" गाडीतली माणसं हसली. मी उतरलो. पुढे दहावी झाली, बारावी झाली, गडचिरोलीच्या कॉलेजात बी. ए. झालं. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो त्या उतरण्यामुळे. आज मी गडचिरोलीत एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. लोकांचे अर्ज घेणं, त्यांना क्रमांक देणं, उत्तरं लिहिणं हे माझं काम. पुढे जे सांगणार आहे त्यात या कामाचा उपयोग झाला, म्हणून सांगतो.

बाईंच्या यजमानांना आम्ही सगळी मुलं मामा म्हणायचो. वसतिगृहाची चौकीदारी आणि सरपण फोडणं त्यांच्याकडे होतं. दोघं नवरा-बायको आपसात गोंडीत बोलत, आमच्याशी झाडीबोलीत. मामा तर कमीच बोलत. सकाळी त्यांना आमची पांघरुणं अशी घडी केलेली लागत, की चाळीस पांघरुणांच्या कडा एका रेषेत याव्यात. एखादी कड बाहेर दिसली, की ते न रागावता ते पांघरूण उलगडून ठेवत आणि पुढे जात. ज्याचं असेल तो पुन्हा घडी घाली. तरुणपणी मामा घुग्घुसला कोळशाच्या खाणीत होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. खाणीत फार शिस्त असते, असं आम्ही समजून चाललो. नोकरी लागल्यावर एकदा घुग्घुसला गेलो, पाळी सुटल्यावरचा तो मोटारसायकलींचा धुरळा आणि आरडाओरड पाहिली, तेव्हा मामांच्या घड्या आठवून थोडं नवल वाटलं. पण तेवढंच.

दोन वर्षांपूर्वी मामांना दम लागू लागला. बाई त्यांना एसटीनं गडचिरोलीला घेऊन आल्या आणि मी रजा टाकून सोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, नीट चौकशी करणारे. आधी काय काम करायचे, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, घुग्घुसले खाणीत. डॉक्टरांनी मान हलवली आणि छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटो आला तो त्यांनी उजेडासमोर धरला. डाव्या खांद्याच्या पात्याखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका होता. धातू आहे, डॉक्टर म्हणाले. खाणीत सुरुंगाचं काही लागलं होतं का?

"हाव," मामा म्हणाले.

"कधी?"

"रात्रपाळीले."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. कोळशाची धूळ, जुनी जखम, असं काहीतरी. मामांना आत झोपवलं आणि मी बाईंना घेऊन बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसलो. बाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाबू, यायनं खाण पाह्यली नाई. तीन दिवस पाह्यली फक्त."

मला काही समजेना. मग तो धातूचा तुकडा, मी विचारलं.

"लढाईतला आहे."

त्या दुपारी बाकावर बसून बाईंनी मला जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत मांडतो.

मामा अठरा-एकोणिसाव्या वर्षी फौजेत भरती झाले होते. एकाहत्तरच्या लढाईत ते पूर्वेकडे होते. तोफांच्या ठिकाणापासून पुढच्या माणसांपर्यंत टेलिफोनची तार ओढत न्यायची, तुटली की शोधून जोडायची, हे त्यांचं काम. तिकडे सगळी धानाची शेती. इतर मुलुखांतली पोरं बांधांवरून घसरून चिखलात पडत आणि मामा पाठीवर तारेचं रीळ घेऊन त्याच बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं पळत. धानाच्या रोवणीच्या दिवसांत डोक्यावर रोपांच्या पेंढ्या घेऊन धावायची सवय होती, ती तिथे कामी आली. एकदा तार जोडताना जवळ गोळा फुटला. खांद्यात जे शिरलं ते तिथेच राहिलं आणि मामांनी तार जोडूनच मागे यायचं ठरवलं. लढाईनंतर काही वर्षांनी वडील वारले. घरी शेती बघायला कोणी नव्हतं, म्हणून मामा स्वतः अर्ज करून फौज सोडून आले.

गावात त्यांचा मान होता. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा तेच बांधत. मग ते दिवस आले ज्यांच्याबद्दल आमच्याकडे अजूनही लोक सावरून बोलतात. जंगलातली माणसं गावात येऊ लागली, त्यांच्या मागावर पोलीस येऊ लागले. एका बाजूला वाटे की फौजेतला माणूस म्हणजे सरकारचा खबऱ्या. दुसऱ्या बाजूला वाटे की बंदूक चालवता येते म्हणजे हाच तिकडच्यांना शिकवत असणार. शेजारच्या गावातला एक जण कधीकाळी होमगार्डमध्ये होता. त्याला बोलवायला आले, तो गेला आणि परत आला नाही. त्यानंतर आमच्या शाळेच्या गावातले सात जाणते गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, बसले. मामांना समोर बसवलं आणि ठरवलं की आजपासून हा माणूस फौजेत नव्हता. घुग्घुसला खाणीत होता. कोणी विचारलं तर लेकरानंही तेच सांगायचं.

आणि गावानं ते सांगितलं, चाळीस वर्षं. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, म्हणून मामा तीन दिवस घुग्घुसला जाऊन आले. कोळशाचा वास कसा असतो, माणसं खाली कशी उतरतात, टोपीला दिवा कुठे लावतात, हे खाणीच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून पाहिलं, ऐकलं. एका लग्नात खरोखरचा घुग्घुसचा माणूस भेटला. त्यानं कोणत्या खाणीत, कोणाच्या हाताखाली, असं खोदून विचारायला सुरुवात केली. मामा म्हणाले, मी सदा रात्रपाळीलेच राहो भाऊ, अंधारात कोनाचं तोंड दिसे? तेव्हापासून गावात कोणाला एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसलं, की तो म्हणायचा, मी रात्रपाळीले होतो. आम्ही मुलंही वसतिगृहात असंच म्हणायचो. ही म्हण कुठून आली, हे मला त्या बाकावर कळलं.

मामा तीन दिवस दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं की बाईंनी मला सगळं सांगितलं आहे. मला वाटलं रागावतील. पण ते म्हणाले की आता दिवस बरे आहेत, रस्ता झाला, टॉवर लागला, कोणी काही विचारत नाही. दम किती दिवस पुरेल सांगता येत नाही. ट्रॅक्टर चालवणारा त्यांचा नातू सगळ्यांना अभिमानानं सांगतो की माझ्या आजानं कोळसा काढला. "मी कोन होतो ते गावासमोर सांगून मराव वाटते बाबू. पन निसत्या तोंडानं कोन मानन? चाळीस वर्स खोटं बोललेल्या गावचं तोंड आहे ते."

म्हणून कागद हवा होता. पैसा नको, पेन्शन नको, हे त्यांनी दोनदा बजावलं. हा माणूस त्या लढाईत होता, असं सरकारनं लिहून द्यावं आणि तो कागद हातात धरून गोटुलात उभं राहता यावं, एवढंच. मी म्हटलं, आणून देतो. म्हणताना मला ते फार अवघड वाटलं नाही. अर्ज लिहिणं हाच माझा धंदा होता.

घरात एकही कागद नव्हता. डिस्चार्जचं पुस्तक, फोटो, पदकाची पट्टी, सगळं मामांनी त्याच सुमारास चुलीत घातलं होतं. पदकं डोहात टाकली होती. मी माजी सैनिकांच्या कार्यालयात चौकशी केली. तिथल्या साहेबांनी चहा दिला आणि सरळ सांगितलं की पलटण आणि नंबर कळला तर नोंद निघेल, नुसत्या नावावर निघणार नाही, एका नावाची शंभर माणसं असतात. फौजी नंबर कधी विसरत नाही, असंही म्हणाले.

मी रविवारी गाडी काढून गावी गेलो. मामा अंगणात झाडू बांधत होते. मी विचारताच त्यांनी पलटण सांगितली, ठिकाणं सांगितली, सुभेदाराची सवय सांगितली. नंबरावर आले आणि थांबले. पहिले चार आकडे आले. पुढचे फिरू लागले. एकदा एक आकडा आधी, एकदा नंतर. ते झोपेत नंबर बोलतात, हे बाईंनी त्यांना त्या काळात सांगितलं होतं. झोपेतलं बोलणं कोणाच्या कानावर जाईल, या भीतीनं त्यांनी तो नंबर स्वतःच्या डोक्यातून काढायचं ठरवलं होतं. नंबर ओठांवर आला, की ते दुसरंच काही मोजत: बैलांच्या घंटा, छपरावरचे कवेलू, झाडं. काही वर्षांत तो खरंच मोडून गेला. "जे ठरवलं ते केलं," ते म्हणाले आणि झाडू बांधत राहिले. त्यांचे हात मात्र तेवढ्यापुरते चुकत होते. बाई चुलीपाशी बसून आमच्याकडे बघत होत्या.

चुकायची पाळी माझी होती. मामांना जो क्रम बरोबर वाटला तो लिहून मी अर्ज पाठवला. दोन महिन्यांनी उत्तर आलं की या क्रमांकाचा जवान दुसऱ्या राज्यातला होता आणि तो हयात नाही. मी आणखी एक क्रम लिहून पाठवला. तेही तसंच परत आलं. तिसऱ्या वेळी मी साहेबांना न विचारता एकाच अर्जात सहा वेगवेगळे क्रम लिहिले. त्यावर मात्र तिकडून कडक शब्दांत आलं, की अर्जदारानं स्वतःचा क्रमांक निश्चित करून मगच अर्ज करावा. ते पत्र मी मामांना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. त्या दिवसापासून त्यांनी विषय सोडला. मी फोन केला, की नातू सांगायचा, आजा म्हणते बाबूले म्हना आता राहू दे.

मी राहू दिलं नाही. मी रोज थोडा वेळ त्यावर घालवत होतो. एकदा त्यांच्या पलटणीतल्या कोणाचा पत्ता मिळतो का म्हणून चंद्रपूरपर्यंत जाऊन आलो, हात हलवत परत आलो. कार्यालयातले सहकारी म्हणायचे, काऊन गा, तुया बापाचं काम आहे का? मी म्हणायचो, बापाचं नाही, भाताचं आहे. ते हसायचे.

मग एका मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, बाई एकट्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या आयुष्यात कधी एकट्या गडचिरोलीला आल्या नव्हत्या. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. मामांना काही झालं का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, त्याले मी मायच्या घरी जाते म्हनून सांगून आली. मग त्यांनी डावा हात टेबलावर, फायलींच्या मध्ये, पालथा ठेवला आणि हातावरचा पदर बाजूला सारला.

कोपराखाली गोंदण होतं. ते मी शाळेपासून पाहत आलो होतो. भात वाढताना तो हात रोज समोर यायचा. ठिपक्यांच्या ओळी, जशा आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या हातांवर असतात.

"मोज," बाई म्हणाल्या.

मी मोजू लागलो. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरी मोजून झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं. पहिले चार आकडे तर मला पाठ होते. ओळी सात होत्या. पाचव्या ओळीच्या जागी ठिपके नव्हते, एक छोटा गोल होता.

"हे?"

"तिथी काई नव्हतं. यायनं 'शून्य' म्हनलं. त मी जागा रिकामी सोडली होती."

मामांनी पुस्तक चुलीत घातलं त्या दिवशी बाई तिथेच बसून चिंच फोडत होत्या. पान जाळण्याआधी मामांनी नंबर एकदा मोठ्यानं वाचला, एकेक आकडा. बाईंना आकडे लिहिता येत नव्हते, पण मोजता येत होतं. मामा जसजसे बोलत गेले तसतसे त्या चिंचोक्यांचे ढीग सरकवत गेल्या. मामा उठून बाहेर गेल्यावर त्यांनी ते ढीग त्याच क्रमानं वेगवेगळ्या चिंध्यांत बांधले आणि पुढच्या आठवडी बाजारात गोंदणाऱ्या बाईपुढे सोडले. एवढे एवढे ठिपके एकाखाली एक काढ, म्हणाल्या. रिकाम्या चिंधीला तिनं आपल्या मनानं गोल काढला. आमच्याकडे समजूत आहे, की माणूस मेल्यावर सोबत काही जात नाही, फक्त गोंदण जातं. बाईंना वाटलं, कागद गेला तरी निदान हे वर जाऊन दाखवता येईल.

मी विचारलं की मग इतके महिने बोलल्या का नाहीत. मामांना तरी सांगायचं.

"यायनं सांगतलं होतं घरात काई ठेवजो नको. मी घरात कुठी ठेवलं? हातावर ठेवलं." मग त्या म्हणाल्या, की आपल्याला आधी वाटलं मामांना आठवेल, मग तुला सापडेल, आणि मामांना कळलं की हे चाळीस वर्षं त्यांच्या नजरेसमोर होतं तर त्यांना कसं वाटेल, याची भीती वाटली. "पन आता तो झाडू बी बांधत नाई. निस्ता बसून राह्यते."

माझ्या शेजारच्या टेबलावरचा लिपिक उठून आला आणि चष्मा लावून त्यानंही ठिपके मोजले. मग आमच्या साहेबांच्या खोलीतून बाईंसाठी दुसरी, गादीची खुर्ची घेऊन आला.

अर्जाच्या नमुन्यात 'क्रमांकाचा पुरावा' असा रकाना असतो. तिथे मी लिहिलं: अर्जदाराच्या पत्नीच्या डाव्या हातावरील गोंदण, छायाचित्र सोबत जोडले आहे. माजी सैनिकांच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, असा पुरावा नियमात बसत नाही. मी म्हटलं, बसत नाही हे मला माहीत आहे, पण खरं तेच लिहिलं आहे. त्यांनी ते खोडलं नाही. खाली स्वतःच्या सहीनं शिफारस लिहिली.

या वेळी उत्तर पाच आठवड्यांत आलं. नोंद सापडली होती. नाव, गाव, वडिलांचं नाव जुळलं. लढाईतला सहभाग लिहिलेला होता, जखमेचाही उल्लेख होता. पदकं नव्यानं देता येतील, असंही होतं. जिल्ह्यात इतर माजी सैनिकांसोबत सन्मानाचा कार्यक्रम होता. त्यात प्रमाणपत्र आणि पदक द्यायचं ठरलं.

ते पत्र घेऊन मी गावी गेलो. मामांनी ते दोन्ही हातांनी धरून वाचलं. नंबरापाशी त्यांचं बोट थांबलं. ते बाईंकडे वळले आणि बाईंनी डावा हात पुढे केला. मामांनी मोजलं. मग परत मोजलं. त्या संध्याकाळी त्यांनी झाडू बांधायला घेतला.

पण गडचिरोलीला जाण्याआधी गावाचं व्हायचं होतं. गोटुलात जे ठरलं ते गोटुलातच मोडायचं, अशी रीत आहे. एकट्यानं तोडलं तर तो गावाचा शब्द मोडल्यासारखा होतो. ठरवणाऱ्या सातांपैकी एकच जिवंत होते, गावची पूजा करणारे म्हातारे, ज्यांना सगळे आजा म्हणतात. ते काठी टेकत आले. गाव जमलं. मामांनी फौजेचं सांगितलं. तार, बांध, गोळा, सगळं, उभं राहून, मध्ये मध्ये दम घेत. मी कागद वाचला.

एका तरुणानं विचारलं की आता हे बाहेर काढून काय मिळणार. उद्या वारं फिरलं तर गावावर येईल. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मामा म्हणाले, "फिरलं त माह्यावर फिरन. कागदावर माहं नाव आहे, तुमचं नाई."

आजांनी कागद हातात मागितला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, मग मामांना परत दिला आणि म्हणाले, "आमी ठरवलं तवा भ्यालो होतो. भेव लपवायले तुह्यावर कोळसा टाकला." नंतर मामांच्या नातवाकडे बघून म्हणाले, "मंग आता याची रात्रपाळी सुटली म्हना." पहिल्यांदा एक बाई हसली, मग सगळे. नातू मात्र हसला नाही. तो मामांच्या पायापाशी जाऊन बसला आणि विचारू लागला की तार तुटली हे कसं कळायचं.

मी निघालो तेव्हा रस्त्यावर एक बाई माझी वाट बघत उभी होती. दुसऱ्या गावची होती, नातेवाइकांकडे आली होती. हळू आवाजात तिनं सांगितलं की तिचा जेठही, म्हणजे मोठा दीर, बल्लारपूरला पेपर मिलमध्ये होता, असं सगळे म्हणतात. आता तो खाटेवर आहे. एवढं बोलून ती गेली. मी तिचं गावही विचारू शकलो नाही.

कार्यक्रमाच्या आधी मी बाईंना पत्र लिहिलं. फोन लागतो आता, पण बाई म्हणाल्या होत्या की घरात एक कागद राहू दे, जो लपवावा लागत नाही. पत्र असं:

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार. मामा वाचून दाखवतील, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितो आहे.

कार्यक्रम येत्या शुक्रवारी सकाळी अकराला आहे. गाडी तुमच्या दारात आठला येईल. मामांना चालवू नका, फाटकापर्यंतही नाही. दमाची औषधं सोबत घ्या. नातवालाही आणा. तो गाडीत पुढे बसेल.

मामांना त्यांच्या नंबरानं आणि पदानं हाक मारली जाईल, तेव्हा त्यांनी पुढे जायचं. मी साहेबांना सांगितलं आहे की पदक लावताना डाव्या खांद्याला हलका हात लावावा. तुमची खुर्ची मी पहिल्या रांगेत ठेवली आहे. तुम्ही मागे बायांमध्ये बसाल हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. त्या दिवशी तुम्हाला उठवून आणायला लावू नका.

एक काम तुम्हाला सांगायचं आहे, ते माझ्यानं होणार नाही. त्या दिवशी मला रस्त्यात एक बाई भेटली. तिचा जेठ बल्लारपूरला होता म्हणतात. तशी आणखी माणसं असतील, मला खात्री आहे. लिपिकाला कोणी सांगणार नाही. तुम्हाला सांगतील. येत्या बाजाराच्या दिवशी तुम्ही जिथे बसता तिथे बायांना विचारा की कोणाचा माणूस, कोणाचा भाऊ, कोणाचा सासरा कुठे "कामाले" होता. जी बाई उत्तर द्यायला वेळ लावेल, तिचं गाव लक्षात ठेवा. मी पुढच्या रविवारी येतो. अर्जाचे कोरे नमुने सोबत आणतो, वीस काढून ठेवले आहेत. कमी पडले तर आणखी काढीन.

त्या बाईला शुक्रवारी गाडीत जागा आहे. ती सापडली तर तिलाही घेऊन या.

तुमचा,
बाबू